चाळीस हजार दिरहम आणि एक खोकं

११ जुलै २०२१, रविवार

ही डायरी २०२० ची आहे. त्या वर्षी कंपनीने जाड पुठ्ठ्याच्या, सोनेरी कडेच्या डायऱ्या वाटल्या आणि मार्चमध्ये सगळं जग बंद पडलं. फेब्रुवारीतल्या चार मिटिंगा सोडल्या तर माझी कोरीच राहिली. फेकवत नाही. म्हणून आजपासून छापील वार खोडून पुढचा वार लिहायचा आणि तीच वापरायची. विभावरी म्हणाली, "वीस दिरहम वाचले म्हणजे चारशे रुपये. आता रिटायर व्हायला हरकत नाही." बायकोला माझ्या काटकसरीचं कधीच कौतुक नव्हतं.

लिहायला निमित्तही मोठं आहे. युरोपातल्या आमच्या मुख्य कंपनीने, महामारीत ज्यांनी सोसलं त्या इथल्या कामगारांसाठी चाळीस हजार दिरहम पाठवले आहेत, म्हणजे आठ लाख रुपये. ते कसे खर्च करायचे ते चार कर्मचाऱ्यांच्या कमिटीने ३१ ऑगस्टच्या आत ठरवायचं. नाही ठरलं तर पैसे परत. कमिटीचा अध्यक्ष मी.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या या टाक्यांच्या कारखान्यात मी बावीस वर्षं ॲडमिन बघतोय. बसचे रूट, साबणाच्या वड्या, गेटपास. मराठी मंडळातसुद्धा मला आजवर फक्त चपला सांभाळायचं खातं मिळालं. आज घरी आल्यावर आरशात पाहून जरा घसा खाकरला. बरा वाटतो अध्यक्ष.

१३ जुलै, मंगळवार

पहिली बैठक. कॉन्फरन्स रूममध्ये अजून दोघांनाच बसायची परवानगी, म्हणून युसुफच्या स्टोअरमध्ये जमलो. शटर अर्धं वर, कूलर चालू. वेळ साडेबाराची, कारण उन्हाळ्यात तेव्हा बाहेरचं काम बंदच असतं.

सभासद असे. अकाउंट्सचा सुजीत, पुण्याचा, एक्सेल शीटशिवाय जांभईसुद्धा देत नाही. एचआरची नबिला, आई-वडील रत्नागिरीचे, पण ही शारजातच जन्मली आणि वाढली, आपल्या सगळ्यांपेक्षा हुशार आहे हे लपवायचा प्रयत्न करते. आणि युसुफ, स्टोअरचा सुपरवायझर, श्रीवर्धनकडचा, लेबर कॅम्पात राहणाऱ्या कामगारांचा प्रतिनिधी.

खुर्च्या होत्या, टेबल नव्हतं. स्टोअरमध्ये भिंतीला लागून कामगारांची गावाकडे न्यायची खोकी रचलेली आहेत. प्रत्येकाचं एक असतं. वर्षानुवर्षं थोडं थोडं भरत राहायचं, मग रशीने करकचून बांधायचं आणि सुट्टीला निघताना न्यायचं. मागे कॅम्पात क्वारंटाइन झालं तेव्हा खोल्या रिकाम्या केल्या आणि ही सगळी इथे आली. त्यातलं एक एकटंच बाजूला होतं, उंचीला अगदी बेताचं. वर उर्दूत काहीबाही लिहिलेलं. मी त्यावर फाईल ठेवली, शेजारी करक चहाचा मग ठेवला, आणि सभा सुरू केली.

युसुफने लगबगीने स्टूल आणलं आणि मग उचलून त्यावर ठेवला. मी पुन्हा खोक्यावर घेतला, हाताशी हवा ना. त्याचा आदर मात्र मला आवडला. अध्यक्षाचा मान कसा ठेवायचा ते कोकणी माणसाला कळतं.

सुजीतला व्यायामाची सायकल हवी. नबिलाला समुपदेशक. युसुफ म्हणाला, मोईनच्या घरच्यांचं आधी बघावं. मोईन आमचा ट्रेलर ड्रायव्हर, खोर फक्कानच्या बंदरातून माल आणायचा. गेल्या वर्षी रमजानात करोनाने गेला. भला माणूस होता. मी म्हटलं, मुद्दा नोंदवला आहे, पुढच्या वेळी घेऊ.

१८ जुलै, रविवार

दुसरी बैठक. उद्यापासून ईदची सुट्टी, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. निर्णय एकच झाला, की निर्णय सुट्टीनंतर घ्यावा. सर्वानुमते.

निघताना युसुफ मागे राहिला. म्हणाला, मोईनच्या मुलीचं, इनायाचं, लग्न ठरलंय, चोवीस सप्टेंबरचा जुम्मा. मी मुबारक म्हटलं. तो म्हणाला, "साहेब, पैशाचं नाही म्हणत मी. तो कागद जर तुम्ही..." तेवढ्यात बसचा ड्रायव्हर हाका मारू लागला, म्हणून मी म्हटलं, कागद वगैरे सगळं ईदनंतर, इन्शाल्ला.

पैशाचं नाही म्हणणारा माणूस पैशाचंच म्हणत असतो, हे बावीस वर्षांच्या अनुभवाचं सार आहे.

२५ जुलै, रविवार

आज मी कमिटीला दिशा दिली. हे शब्द माझे नाहीत, मिनिट्समध्ये आहेत. मिनिट्स मीच लिहितो.

प्रश्न असा की मदत कोणाला मिळावी. पत्रात नुसतं 'कर्मचारी' म्हटलंय. मी नियम केला: ज्याचं नाव आज कंपनीच्या रजिस्टरवर आहे तोच पात्र. ज्याचं नाही तो नाही. भावनेला वाव नाही, वशिल्याला वाव नाही. सुजीतने टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली.

युसुफचा चेहरा उतरला. विचारलं, मग मोईन? मी समजावलं की मोईनबद्दल आम्हा सर्वांना दुःख आहे, पण गेलेला माणूस रजिस्टरवर कसा असेल. एकदा अपवाद केला की रांग लागते. तो म्हणाला, "रांग नाही लागणार साहेब. आमच्यातला तो एकच गेला." मी पुढचा मुद्दा घेतला. वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम, आणि तो पहिल्यांदाच माझा होता.

युसुफने आज माझ्या मगाखाली वर्तमानपत्र घातलं होतं. मी ते काढून वाचलं. भारतात पूर आलाय.

२ ऑगस्ट, सोमवार

काल चौथी बैठक. सायकल रद्द, कारण नबिलाने विचारलं की बारा तास टाक्या उचलणारा माणूस सायकल कशाला मारेल. समुपदेशक रद्द, कारण सुजीतने विचारलं की तो तेलुगूत बोलेल का. मी माझी कल्पना मांडली: मसाज चेअर. पाठदुखी हा टाक्या उचलणाऱ्यांचा मुख्य आजार, खुर्ची वर्षानुवर्षं टिकते, आणि तिच्यावर 'कमिटीच्या सौजन्याने' अशी पितळी पाटीही लावता येते. पाटीबद्दल मी शेवटी आणि सहज बोललो.

युसुफने पुन्हा कागदाचं काढलं. बोटीच्या कार्गोला महिना लागतो, असंही काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, आज अजेंड्यावर एकच विषय आहे.

घरी सांगितलं तेव्हा मुलीने, आभाने, मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "बाबा, हॅज एनीवन आस्क्ड द वर्कर्स?" मी म्हटलं, अगं, त्यांचा प्रतिनिधी बसतो ना आमच्यात. "अँड व्हॉट डझ ही से?" म्हटलं, तो भलतंच काहीतरी म्हणतो.

७ ऑगस्ट, शनिवार

सुट्टीच्या दिवशी दुबईत अल क्वोजच्या एका गोदामात जाऊन मसाज चेअर पाहिली. विभावरी बरोबर. सेल्समनने मला बसवलं आणि बटण दाबलं. पंधरा मिनिटं खुर्चीने मला कणकेसारखं तिंबलं. उठलो तेव्हा कमिटी, नियम, युसुफ, सगळं विसरायला झालं होतं.

किंमत पस्तीस हजार. विभावरीने मोठ्याने हिशेब केला, सात लाख, आणि सेल्समनसमोरच विचारलं की कॅम्पात एका खोलीत आठ माणसं राहतात, ही ठेवणार कुठे? मी म्हटलं, सुरुवातीला ऑफिसच्या मजल्यावर. "आणि शेवटी?" ती म्हणाली.

१५ ऑगस्ट, रविवार

सहावी बैठक. खुर्चीवर मतदान. बाजूने मी आणि सुजीत, विरोधात नबिला. युसुफ तटस्थ. मी विचारलं, तटस्थ का? म्हणाला, "तुमच्या मनात आहे तर होऊ दे साहेब." त्याचं काँट्रॅक्ट ऑक्टोबरात रिन्यू व्हायचंय आणि त्या कागदावरही सही माझीच असते, हे मला घरी येताना आठवलं. त्या दोन गोष्टींचा संबंध असेल असं मला वाटत नाही.

खुर्ची बुधवारी ट्रायलसाठी येणार. आवडली तर पैसे.

१८ ऑगस्ट, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

खुर्ची आली. स्टोअरमध्ये ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी म्हटलं, हे माझं टेबल सरकवा. दोघं पुढे झाले, पण युसुफने त्यांना थांबवलं आणि एकट्याने खोकं सरकवलं, सावकाश, आत काच असल्यासारखं. भिंतीकडची बाजू पुढे आली. त्या बाजूवर इंग्रजीत, ठळक मार्करने: सुरैय्या मोईन, श्रीवर्धन, जि. रायगड.

मी विचारलं, हे खोकं मोईनचं?

"हो साहेब."

मग सव्वा वर्ष इथे काय करतंय? पाठवलं का नाही?

युसुफने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या नजरेत, असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तुमची सही नाही झाली ना."

फ्री झोनच्या गेटातून टाचणीसुद्धा बाहेर न्यायची तर गेटपास लागतो. गेलेल्या माणसाचं सामान असेल तर आधी आमचा क्लिअरन्स फॉर्म, मग गेटपास. दोन्हींवर माझी सही. व्हिसाचं, दफनाचं सगळं सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या आमच्या पीआरओने तेव्हाच धावपळ करून केलं होतं. राहिला होता तो फक्त आमचा घरचा कागद. तो युसुफने गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या टेबलावर ठेवला. दोनदा आठवणही केली. मग मी घरून काम करायला लागलो. तो 'कागद, कागद' म्हणत होता तो हा. लग्नाला द्यायच्या वस्तू मोईन या खोक्यात जमवत होता, आणि ते बोटीने वेळेत पोचावं म्हणून युसुफ महिना मोजत होता. मी त्याला अजेंडा सांगत होतो.

टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात फॉर्म सापडला. साबणाच्या कोटेशनांखाली. साक्षीदार म्हणून युसुफची सही, तारीख २० मे २०२०. खाली 'ॲडमिन' म्हणून रिकामा चौकोन.

खुर्ची मी परत पाठवली. सेल्समनला म्हटलं, खलास, नको.

आत्ता हे लिहिताना सहज या डायरीची मागची पानं उलटली. वाटत होतं कोरी आहेत. २० मेच्या पानावर माझ्याच अक्षरात: 'मोईन क्लिअरन्स. उद्या सही.' २१ मेच्या पानावर: 'कालचंच.' पुढे खरंच काही नाही. मी या डायरीच्या पाठीवर बसून महिनाभर नियम लिहितोय आणि हे तिच्या पोटात होतं. मला माझी लाज वाटते. दुसरा शब्द सुचत नाही.

१९ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी सहा वाजता ऑफिसात. पेन काढून फॉर्मवर सही करणार, तोच नबिला आली. काय करतोय ते सांगितलं. तिने जवळजवळ माझा हात धरला.

"सर, थांबा. यल्ला, आधी मिटिंग बोलवा."

म्हटलं, आता आणखी कसली मिटिंग, पंधरा महिने थांबलोय. तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. व्हिसा रद्द झाला, पगार थांबला, पण आमचा क्लिअरन्स न झाल्याने कंपनीच्या रजिस्टरवर मोईनचं नाव अजून तसंच होतं. नाव, नंबर, ट्रेलर ड्रायव्हर, 'ॲक्टिव्ह'. म्हणाली, तुम्ही सही केलीत की नाव जाणार. आणि तुमचाच नियम आहे ना, ज्याचं नाव रजिस्टरवर तोच पात्र?

बाई गं. आयुष्यात प्रथमच माझी दिरंगाई कोणाच्या तरी उपयोगी पडत होती.

सातवी बैठक साडेसातला, स्टोअरमध्ये उभ्यानेच झाली. मी सगळं सांगितलं, डायरीतली दोन पानंही वाचून दाखवली. सुजीतने एक्सेल उघडलं नाही. त्याने विचारलं, हे नियमात बसतं का? मी म्हटलं, अक्षरशः बसतं, आणि नसतं बसत तर मी नियम बदलला असता. हे मला पंचवीस जुलैलाही करता आलं असतं, हे वाक्य मी बोललो नाही, पण चौघांनाही ऐकू आलं असावं.

ठराव: पंधरा हजार दिरहम मोईनच्या घरी. उरलेले पंचवीस हजार कॅम्पातल्या ज्यांचा पगार तेव्हा कापला गेला त्यांच्यात सारखे. चारही मतं बाजूने. पाच आठवडे जे जमलं नाही ते अकरा मिनिटांत झालं, कारण अध्यक्ष कमी बोलला.

बोलता बोलता सवयीने मी मग खोक्यावर ठेवला आणि लगेच उचलला, पण गोल उमटायचा तो उमटलाच. मुख्य कंपनीला मेल गेला. मग मी सही केली. नबिलाने मोईनचं नाव काढलं. युसुफ तेव्हा स्क्रीनकडे पाहत होता. मला वाटलं तो खूश असेल. तो रडत होता.

२२ ऑगस्ट, रविवार

गेटपाससाठी आतल्या सामानाची यादी लागते, म्हणून खोकं उघडावं लागलं. युसुफने गाठी सोडल्या, कापल्या नाहीत. मोईनने मारल्यात, म्हणाला.

चार ब्लँकेटं. अत्तराच्या दोन बाटल्या. टॉर्च. टँगचे डबे, मुदत संपलेले. युसुफ म्हणाला राहू देत, तर राहू दिले. गुलाबी, जरीचं भारी कापड, प्लॅस्टिकमध्ये. आणि एक डिनर सेट, पण दुकानातल्या खोक्यातला नव्हे, सुटा सुटा घेतलेला. प्रत्येक ताट, प्रत्येक वाटी वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी तारखा पाहत गेलो. २०१६, २०१७, २०१७, २०१९. पगाराला एक ताट घेत असावा. शेवटच्या वाटीवर मार्च २०२०. मी यादीत लिहिलं: 'डिनर सेट, एक.' दुसरं काय लिहिणार.

झाकणावर माझ्या मगाचे गोल डाग. एकात एक अडकलेले, सात. मोईनच्या बायकोचं, सुरैय्याचं, नाव उर्दूत जिथे होतं, बरोबर तिथेच. मी ओल्या फडक्याने पुसायला गेलो तर शाई पसरू लागली, म्हणून सोडलं. नवं झाकण लावू का विचारलं. युसुफ नको म्हणाला, नाव मोईनच्या हातचं आहे.

बोटीने आता वेळेत पोचलं नसतं. विमानाने पाठवलं. त्याचे पैसे मी भरले. किती ते लिहीत नाही, विभावरी ही डायरी वाचते असा मला संशय आहे.

युसुफच्या काँट्रॅक्टवरही सही करून टाकली. त्याने आश्चर्याने विचारलं, आत्ताच? ऑक्टोबरला वेळ आहे. मी म्हटलं, माझ्या उद्यावर कोणी जाऊ नये.

२८ सप्टेंबर, मंगळवार

महिनाभर काही लिहिलं नाही. गणपती आले आणि गेले. मुख्य कंपनीचं पत्र आलं, 'अनुकरणीय प्रक्रिया' म्हणून आमच्या कमिटीचं कौतुक. सुजीतने ते फ्रेम करूया म्हटलं. मी खणात टाकलं, सगळ्यात खालच्या.

आज दुपारी युसुफ आला. लग्न छान झालं. खोकं अठरा दिवस आधीच पोचलं होतं. ब्लँकेटं, ताटं सगळं इनायाबरोबर सासरी गेलं, गुलाबी कापडाचा ड्रेस तिने निकाहला घातला. फोनवर फोटो दाखवला. मोईनसारखीच हनुवटी.

मग तो जरा घुटमळला. म्हणाला, सुरैय्याभाभीने फोनवर एक विचारलं. खोकं तिने भंगारात दिलं, पण झाकणाचा तेवढा तुकडा कापून ठेवलाय. त्यावर चहाच्या कपाचे गोल आहेत ना. मोईनला चहाशिवाय चालायचं नाही. ती म्हणते, खोकं भरताना तिथेच कप ठेवायचा असेल. सात आहेत, तिने मोजले. कुराणशरीफ ठेवतात त्याच्या खालच्या फळीवर ठेवलाय तो तुकडा.

"साहेब, तिला सांगू का, की कप तुमचा होता?"

मी टेबलावरचा मग उचलून हातात धरला. खरं सांगणं बरोबर, हे मलाही कळतं. पण मग तिच्याकडे काय उरेल, नुसता माझा डाग. शेवटी म्हटलं, नको.

युसुफ म्हणाला, "मी पण तेच ठरवलं होतं. फक्त तुम्हाला माहीत असावं."

कमिटी बरखास्त झाली आहे. तरी हा ठराव इथे नोंदवून ठेवतो. सर्वानुमते.